कोणतं उपकरण घ्यायचं, हे शेवटच्या माणसापासून ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम शहराच्या आपत्ती व्यवस्थापन विभागात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला तंत्रज्ञानासाठी पहिल्यांदाच वेगळा निधी मिळाला आहे. नदीवर सेन्सर, ड्रोन, उपग्रहाची चित्रं, एआयवर चालणारं पुराचं अनुमान, पुलांवर सतत नजर ठेवणारी यंत्रणा असे पाच-सहा प्रस्ताव टेबलावर आहेत. सगळं घेता येणार नाही. आधी काय घ्यावं, आणि या गोष्टींनी खरंच जीव वाचतात का?

वाचतात, आणि फार मोठ्या संख्येने वाचतात. पण प्रस्ताव ज्या पद्धतीने मांडले जातात त्याच पद्धतीने तुम्ही विचार केलात, तर पैसे नक्की खर्च होतील आणि जीव वाचतीलच असं नाही. विकणारा उपकरणापासून बोलायला लागतो: हा सेन्सर, ही त्याची अचूकता, हा डॅशबोर्ड. तुम्ही दुसऱ्या टोकाकडून या. पाणी चढायला लागलं की नेमकं कोणी काय करायचं आहे? त्याला ते करायला किती वेळ लागतो? ते करायचा अधिकार त्याच्याकडे आहे का? एवढं ठरलं की कोणतं मोजमाप, किती आधी आणि किती अचूक हवं, हे तुमचं तुम्हालाच दिसायला लागतं. तीस वर्षं पूल, बंधारे आणि रुग्णालयांच्या इमारती तपासून माझं हे मत झालं आहे. ते कसं झालं ते जरा विस्ताराने सांगते.

जुलै २०२१ मध्ये जर्मनीत आर या ऱ्हाइनच्या उपनदीच्या खोऱ्यात पूर आला. त्या देशाकडे रडार होती, उपग्रहांची माहिती होती, उत्तम जलशास्त्रज्ञ होते. युरोपची पूर-सूचना यंत्रणा ऱ्हाइनच्या खोऱ्याबद्दल काही दिवस आधीपासून इशारे देत होती. १४ जुलैच्या संध्याकाळी नदीच्या वरच्या अंगाला घरं बुडायला लागली. आल्टेनआर इथलं पाणीपातळी मोजणारं केंद्रच पुरात निकामी झालं. खाली, नदीच्या मुखाजवळच्या झिन्त्सिग गावात पाणी शिरलं ते मध्यरात्र उलटून गेल्यावर. मधले कित्येक तास हातात होते. तरीही तिथल्या अपंगांच्या एका निवासातले १२ जण तळमजल्यावर बुडून मेले. खोऱ्यात एकूण १३० हून अधिक माणसं गेली. अनुमानात थोडीफार चूक असेलही, पण माणसं गेली ती अनुमान आणि बिछान्यात झोपलेला माणूस यांच्यामधल्या अंतरात. त्या भागातल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी मोठ्या आवाजात इशारा पाठवणारी सेल ब्रॉडकास्ट सेवा तेव्हा जर्मनीत नव्हती. ती सुरू झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये.

आता याच्या शेजारी बांगलादेश ठेवा. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. ते वादळ उपग्रहाने टिपलेलं होतं, पण बेटांवरच्या माणसांपर्यंत त्याचा अर्थ पोचला नाही. १९७२ मध्ये तिथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा राहिला. त्याचा कणा होता गावोगावचे स्वयंसेवक. हातात भोंगा, खांद्यावर मेगाफोन, आणि धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे. आज असे सुमारे ७६,००० स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. हा अर्धा वाटा फार मोलाचा आहे, कारण घरातली बाई बाहेर पडली नाही तर लेकरंही पडत नाहीत, आणि तिच्याशी दारात उभं राहून बोलायला बाईच लागते. पुढे निवारे वाढले, अनुमान सुधारलं, रस्ते झाले. १९९१ च्या वादळात तरीही सुमारे १,३८,००० माणसं गेली. २००७ च्या सिद्र वादळात हा आकडा सुमारे ३,४०० वर आला. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या घरात माणसं गेली होती. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं गेलं आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. उपग्रह, रडार आणि संगणकी प्रारूपं नसती तर हे शक्यच नव्हतं. आणि नुसती तीच असती तरीही नव्हतं.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक रात्र सांगते, कारण मला ही गोष्ट तिथेच समजली. एका नदीवर स्वयंचलित पाणीपातळी-मापक बसवलेला होता. दर १५ मिनिटांनी आकडा जायचा. पूर येऊन गेल्यावर मला नोंदी तपासायला बोलावलं. नोंदी अगदी निर्दोष होत्या. रात्री सव्वाएकपासून चारपर्यंत पाणी अडीच मीटर चढल्याचा आलेख असा स्वच्छ होता की वर्गात शिकवायला वापरावा. मात्र तो आलेख ज्या पडद्यावर उमटत होता ती खोली कार्यालयाची वेळ संपल्यावर कुलूपबंद होती. धोक्याचा संदेश ज्या क्रमांकावर जायचा तो अधिकारी काही महिन्यांपूर्वी बदलून गेला होता. आणि मापकापासून ४०० मीटरवर, नाल्याच्या तोंडाशी, एक पहारेकरी बॅटरी घेऊन जागा उभा होता. नदी चढली की तिथलं लोखंडी फाटक पाडायचं, म्हणजे खाली सोडून बंद करायचं असतं, म्हणजे नदीचं पाणी उलटं नाल्यातून वस्तीत घुसत नाही. त्याला पाणी दिसत होतं. त्याने दोनदा वरिष्ठांना फोन लावला, उचलला गेला नाही, आणि हुकमाशिवाय फाटकाला हात लावायचा नाही असं त्याला बजावलेलं होतं. मला तो म्हणाला, "बाई, कोणी नुसतं ‘कर’ म्हटलं असतं तर मी एकट्याने चाक फिरवलं असतं."

आम्ही नवीन काही विकत आणलं नाही. नाल्याच्या भिंतीवर पिवळा, नारिंगी आणि लाल असे तीन पट्टे रंगवले. मापकाचा संदेश थेट त्या पहारेकऱ्याच्या फोनवर आणि आणखी दोघांच्या फोनवर वळवला. प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद त्याच्या खोलीत लावला: पाणी नारिंगीला लागलं की फाटक पाड, पंप सुरू कर, मग फोन कर. त्याखाली वरिष्ठांची सही घेतली. सही मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. पुढच्या पुराला फाटक रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी पडलं होतं. वस्ती कोरडी राहिली.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं: कोणताही सेन्सर मागवण्याआधी त्याच्यासाठी एक पानभर तक्ता करा. कोणत्या आकड्याला, कोणता माणूस, किती मिनिटांत, कोणालाही न विचारता काय करेल. तो तक्ता भरता येत नसेल तर तो सेन्सर अजून घेऊ नका.

भूकंपात हा वेळ सेकंदांवर येतो आणि तिथे मधला माणूसच काढून टाकावा लागतो. भूकंपाच्या प्राथमिक लहरी कवचातून साधारण सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने जातात, आणि खरी पडझड करणाऱ्या दुय्यम लहरी साडेतीनच्या आसपास. केंद्र १०० किलोमीटरवर असेल तर दोन्हींच्या पोचण्यात बारा-एक सेकंदांचं अंतर पडतं. ओळखायला आणि कळवायला लागणारा वेळ वजा केला की हातात जेमतेम सात-आठ सेकंद उरतात. केंद्र ३० किलोमीटरवर असेल तर जवळजवळ काहीच उरत नाही. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर २०१७ ला हेच झालं. किनाऱ्यावरच्या, दूरच्या भूकंपांसाठी उभारलेली तिथली यंत्रणा त्या शहराला एरवी मिनिटभराचा अवधी देऊ शकते. त्या दिवशी केंद्र सुमारे १२० किलोमीटरवर होतं आणि भोंगे वाजले तेव्हा जमीन हलायला लागलीच होती.

सात-आठ सेकंदांत माणूस फार तर टेबलाखाली जातो. यंत्र मात्र बरंच करू शकतं: गॅसची झडप बंद करणं, उद्वाहक जवळच्या मजल्यावर थांबवून दार उघडणं, अग्निशमन केंद्राची दारं वर करून ठेवणं, कारण चौकट वाकली की गाड्या आतच अडकतात. जपानमध्ये ११ मार्च २०११ ला किनाऱ्याजवळच्या भूकंपमापकाने इशारा देताच शिंकानसेन या अतिवेगवान रेल्वेचा वीजपुरवठा तुटला आणि गाड्यांचे आपत्कालीन ब्रेक आपोआप लागले. प्रवासी घेऊन धावणारी एकही गाडी रुळावरून घसरली नाही. घसरली ती फक्त चाचणीसाठी चालवलेली एक गाडी. हे उदाहरण इशारा-यंत्रणेचं यश म्हणून सगळीकडे सांगतात. त्यातला दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही: १९९५ च्या कोबे भूकंपानंतर उन्नत मार्गाचे खांब पोलादी आवरणं घालून मजबूत करण्याचं काम हाती घेतलं गेलं होतं. खांबच कोसळले असते तर वेळेवर लागलेल्या ब्रेकचा काय उपयोग?

त्याच दिवशी त्याच देशात दुसरी गोष्टही घडली. त्सुनामीचा पहिला इशारा भूकंपानंतर तीन मिनिटांत निघाला. जगात याहून तत्पर यंत्रणा नव्हती. पण इतक्या मोठ्या भूकंपाचं मोजमाप सुरुवातीच्या क्षणांत नेहमीच कमी भरतं. भूकंप प्रत्यक्षात ९.० चा होता, पहिला अंदाज ७.९ चा होता. त्यामुळे इशाऱ्यात किनाऱ्यावरच्या मियागी प्रांतासाठी ६ मीटर, इवाते आणि फुकुशिमा प्रांतांसाठी ३ मीटर असे आकडे गेले. ते नंतर वाढवले, पण तोवर वीज गेली होती आणि बरेच लोक पहिलाच आकडा मनात धरून बसले होते. ज्याच्या गावाची भिंत ३ मीटरहून उंच आहे, त्याला ३ मीटर हा आकडा पळायला नव्हे, थांबायला सांगतो. म्हणून २०१३ पासून जपानच्या हवामान संस्थेने नियम बदलला: भूकंप फारच मोठा वाटत असेल तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगायचेच नाहीत, लाट ‘प्रचंड’ आहे एवढंच सांगायचं. आपल्याला नक्की माहीत नसलेला आकडा न सांगण्याचं हे शास्त्र मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या पूर-अनुमानातही ‘उद्या पाणी ८.४ मीटर’ असं एकच संख्येचं वाक्य येऊ देऊ नका. ‘८ च्या वर जाण्याची शक्यता दहात सात’ असं मागा. हवामानाचं प्रारूप थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातीपासून अनेकदा चालवून हे उत्तर मिळतं आणि ते तुमच्या हाताखालच्या लोकांनाही समजतं. समजत नाही असं आपण उगाच धरून चालतो.

आता इमारतींबद्दल. इथे मी जास्त बोलणार आहे, कारण निधी वाटताना हाच भाग मागे राहतो. सेन्सर दिसतो, त्याचं उद्घाटन होतं. कॉलमच्या आतली रिंग काँक्रीट ओतल्यावर कोणालाच दिसत नाही.

२०१० च्या जानेवारीत हैतीत ७.० चा भूकंप झाला आणि एक लाखाच्या कितीतरी वर माणसं गेली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला. त्यातून बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे ५०० पट होती आणि मृत्यू सुमारे सव्वापाचशे. हैतीचं केंद्र राजधानीच्या अगदी जवळ होतं, हा फरक खरा आहे. पण चिलीत बांधकामाचे नियम होते, ते पाळले जात होते, आणि रचनेत दोष निघाला तर बांधून विकणाऱ्यावर दहा वर्षं कायदेशीर जबाबदारी होती. हैतीत असा नियमच अमलात नव्हता.

नियम म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहा. कॉलममध्ये उभ्या सळया असतात आणि त्यांना आडव्या रिंगांनी बांधलेलं असतं. भूकंपात कॉलम दोन्ही बाजूंना वाकतो, बाहेरचं काँक्रीटचं कवच गळून पडतं, आणि मग आतला गाभा आणि उभ्या सळया यांना धरून ठेवायला फक्त रिंगाच उरतात. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वळवलं असेल तर कवच गळताच ते उघडतं, सळया बाहेर फुगतात, गाभ्याचा चुरा होतो आणि मजला मजल्यावर बसतो. तेच टोक १३५ अंशात वळवून गाभ्याच्या आत रुतवलं तर रिंग उघडत नाही. कॉलम वाकडा होतो, इमारत कायमची निकामी होते, पण उभी राहते आणि माणसं चालत बाहेर पडतात. फरक फक्त ४५ अंशांचा आणि काही बोटं जास्तीच्या सळईचा. कामावरच्या फिटरला तो वाकवायला त्रास होतो, म्हणून काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी कोणीतरी जाऊन बघावं लागतं. तुमच्या निधीतून या तपासणीसाठी दोन माणसं नेमता आली आणि त्यांना फोटोसह नोंद ठेवणारं साधं अ‍ॅप देता आलं, तर मी ते ड्रोनच्या आधी घेईन.

दुसरी गोष्ट, इमारत उभी राहणं आणि चालू राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय नवं कोरं असताना १९७१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं. पुन्हा बांधताना ते अतिशय भक्कम बांधलं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात सांगाड्याला फारसं काही झालं नाही. पण आगीसाठीच्या फवाऱ्यांचे आणि थंड पाण्याचे नळ फुटले, मजल्यांवर पाणी झालं आणि रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. त्याच भूकंपात, पायाखाली विलग करणाऱ्या बेअरिंगवर उभं असलेलं तिथलं दुसरं रुग्णालय काम करत राहिलं. या बेअरिंगमध्ये रबर आणि पोलादाचे थर एकावर एक असतात. न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात त्यात शिशाचा गाभा घातला. जमीन हलते, रबर तिरपं होतं, शिसं ऊर्जा जिरवतं, आणि वरची इमारत संथपणे डोलते. भूजचं रुग्णालय २००१ मध्ये कोसळल्यावर नवं बांधलं ते अशाच बेअरिंगवर. जुन्या इमारतीला हे करणं महाग पडतं. पण नळांना, छताच्या पट्ट्यांना आणि ऑक्सिजनच्या टाक्यांना नीट पट्टे आणि ब्रॅकेट लावून जखडणं स्वस्त असतं, आणि ते आजही करता येतं.

तिसरी गोष्ट जनरेटरची. ऑक्टोबर २०१२ मध्ये सॅंडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातले जनरेटर १३ व्या मजल्यावर सुरक्षित होते. त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते आणि तळघर भरलं. माणसांनी जिन्यावर साखळी करून हातांनी इंधन वर पोचवलं. शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलं. २०११ च्या त्या त्सुनामीत सापडलेल्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रातही बहुतेक आपत्कालीन जनरेटर आणि विजेचे स्विचबोर्ड इमारतींच्या तळघरांत होते. उंचावर असलेला, हवेने थंड होणारा सहाव्या अणुभट्टी-संचाचा एक जनरेटर चालू राहिला, आणि त्यामुळे पाचवा आणि सहावा संच वाचला. या दोन्ही ठिकाणी जाणती माणसं होती. त्यांनी साखळीतली प्रत्येक कडी वेगवेगळी तपासली होती, पण पाणी तळघरात आलं तर काय काय एकदम जाईल, हा प्रश्न त्या जागेवर उभं राहून विचारलेला नव्हता.

पुलांकडे येते. जगभरात पूल पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे पुरात खांबाच्या पायाभोवतीची माती वाहून जाणं. यात फसवणूक अशी की पूर जोरात असताना खड्डा सर्वांत खोल असतो आणि ओसरताना वाहत आलेली वाळू तोच खड्डा भरून टाकते. नंतर गेलात तर सगळं जागच्या जागी दिसतं. एका पुलावर पूर ओसरल्यानंतर चार दिवसांनी मी गेले होते. खांबाभोवती वाळू सपाट, नुकती झाडल्यासारखी. माझ्याबरोबरच्या जुन्या मेस्त्रीने बारीक सळई घेऊन वाळूत टोचली, आणि ती हाताच्या नुसत्या वजनाने दीड मीटर आत गेली. बाजूला, खांबापासून दूर, तीच सळई वीतभरही जाईना. म्हणजे पुराच्या रात्री तो खांब दीड मीटर उघडा पडला होता आणि त्यावरून वाहनं जात होती. आम्ही पूल त्याच संध्याकाळी बंद करायला लावला. १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी नदीवरचा पूल याच कारणाने पडला आणि १० जण गेले.

यासाठी ध्वनिलहरींनी तळाची खोली मोजणारे, खांबाला लावायचे सोनार मिळतात, खांब किती कलला ते सांगणारे कलमापक मिळतात. पण मला सगळ्यात आवडतं ते साधं साधन: नदीच्या तळात रोवलेल्या नळीभोवती एक जड कडं. माती गेली की कडं खाली घसरतं, वाळू परत भरली तरी तिथेच राहतं. सर्वांत खोल खड्डा किती झाला होता, हे ते पुरानंतरही सांगतं.

तपासणीची माहिती गोळा होते आणि वाचली जात नाही, ही तर फारच दुखरी जागा आहे. मिनियापोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ ला कोसळला, १३ माणसं गेली. सांधे जोडणारे पत्रे मूळ रचनेतच लागायला हवे होते त्याच्या निम्म्या जाडीचे होते. आणि २००३ मध्ये काढलेल्या फोटोंत ते पत्रे वाकलेले दिसत होते. फोटो होते, कपाटात होते. हजारो फोटोंतून असा वाकलेला पत्रा शोधायला आज एआय खरंच उपयोगी पडतं, आणि एआयवर पैसे घालायचे असतील तर मी आधी इथे घालीन. इटलीतल्या जेनोआचा मोरांडी पूल, ऑगस्ट २०१८, ४३ मृत्यू, ही याची दुसरी बाजू: तिथे ताण घेणारे पोलादी दोर काँक्रीटच्या आत गाडलेले होते, त्यामुळे आतला गंज बाहेरून दिसतच नव्हता. जे तपासता येत नाही ते बांधू नये, हे नव्या पुलांच्या निविदेत आत्ताच लिहून टाका.

उपग्रहांविषयी तुम्ही विशेष विचारलं आहे. रडार-उपग्रह त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातो, परत आलेल्या लहरी चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहेत (कला, म्हणजे फेज) त्यातला फरक मोजतो, आणि जमीन किंवा इमारत काही मिलिमीटर सरकली तरी सांगतो. युरोपच्या सेंटिनेल-१ ची अशी माहिती २०१४ पासून मोफत मिळते. नासा आणि इस्रोचा निसार ३० जुलै २०२५ ला सोडला गेला. त्याचा लांब तरंगलांबीचा एल बँड झाडीतूनही बराच आरपार बघतो आणि फेरी १२ दिवसांची आहे. हळूहळू खचणारी जमीन, धरणाचा भराव, रांगणारा डोंगरउतार यांसाठी ही माहिती अनमोल आहे. दोन फेऱ्यांच्या मधे एका रात्रीत घसरणाऱ्या कड्यासाठी तिच्यावर विसंबू नका. तिथे पर्जन्यमापक आणि आधी ठरवलेली पावसाची मर्यादाच कामाची.

आणि सरकणं मोजलं म्हणजे झालं, असंही नाही. इटलीत व्हायोंत धरणाच्या जलाशयावरचा डोंगर सुमारे तीन वर्षं मोजला जात होता. शेवटी तो दिवसाला २० सेंटिमीटरपर्यंत सरकत होता. जलाशयाची पातळी खालीवर करून आपण त्याला आवरू, असा अभियंत्यांना विश्वास होता. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २६ कोटी घनमीटर डोंगर एकदम जलाशयात आला, पाणी धरणावरून उडालं आणि खालच्या गावांत जवळजवळ २,००० माणसं गेली. धरण आजही उभं आहे. गावं रिकामी करायची मर्यादा किती सेंटिमीटरला, हे आधी कागदावर लिहिलेलं असतं तर त्या विश्वासाला तिथे थांबावं लागलं असतं.

नकाशांबद्दल एक इशारा. पूररेषा काढणारं प्रारूप कितीही चांगलं असो, त्याखाली जमिनीच्या उंचीचा नकाशा असतो. २००० मध्ये अवकाशयानातून रडारने तयार केलेला जगभराचा मोफत नकाशा अजूनही अनेक ठिकाणी वापरला जातो. दाट वस्तीत आणि झाडीत त्या रडारने जमीन नव्हे, छपरं आणि शेंडे मोजले. त्यामुळे सखल भाग कागदावर काही मीटर उंच दिसतो आणि पूररेषेबाहेर जातो. शहरात एक मीटरची चूक म्हणजे एक अख्खा तळमजला. विमानातून किंवा ड्रोनवरून लायडारने, म्हणजे लेसर किरणांनी उंची मोजणाऱ्या उपकरणाने, नदीकाठची पट्टी मोजून घ्या. ड्रोनचा प्रस्ताव घ्यायचाच असेल तर याच कामासाठी घ्या.

पूर-अनुमानाच्या एआयबद्दल थोडक्यात. गेल्या काही वर्षांत ही प्रारूपं खूप सुधारली आहेत आणि मोठ्या संगणकाला तास लागायचे ते मिनिटांत देतात. जिथे नदीवर मापकं कमी आहेत तिथेही ती उपयोगी पडतात. पण ती जुन्या नोंदींवर शिकलेली असतात, आणि तुम्हाला ज्या पुराची भीती आहे तो नोंदींमध्ये नसतो. म्हणून तुमच्या नदीची पाणीपातळी, साधी, रोजची, खाडाखोड न केलेली, जपून ठेवा.

देखभालीसाठी निधीचा मोठा हिस्सा बाजूला काढा, हे मी सगळ्यांना सांगते आणि फार थोडे ऐकतात. सप्टेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियात पालूला त्सुनामी आली तेव्हा त्या देशाचे समुद्रातले त्सुनामी-बोये, म्हणजे लाट ओळखणारी तरंगती यंत्रं, २०१२ पासून बंद पडलेले होते. पालूला लाट इतक्या लवकर आली की बोयांनी तिथे फार फरक पडला नसता, पण बाकीच्या किनाऱ्यांसाठीही ते बंदच होते. याउलट हाँगकाँग पाहा. १९७० च्या दशकातल्या भीषण दरडींनंतर १९७७ मध्ये त्यांनी उतारांसाठी वेगळं कार्यालय काढलं. आज सुमारे ६०,००० मानवनिर्मित उतारांची तिथे नोंद आहे, प्रत्येकाला क्रमांक आहे, आणि रस्त्याने चालताना उतारावर त्या क्रमांकाची पाटी दिसते. त्या क्रमांकावरून त्याची देखभाल कोणाकडे आहे ते कळतं. गटाराचं तोंड बुजलं तर कोणाला फोन करायचा, हा प्रश्नच उरत नाही. पाटी हे तंत्रज्ञान म्हणून कोणी मिरवत नाही; मी मिरवीन.

वरिष्ठांना पैशाचं गणित लागेल. जागतिक बँकेने २०१९ मध्ये वीज, पाणी, वाहतूक आणि दूरसंचार यांचा विचार करून मांडलं होतं की नव्या पायाभूत सुविधा आपत्ती सोसतील अशा बांधायला एकूण खर्चात सुमारे ३ टक्के भर पडते, आणि घातलेल्या प्रत्येक एका डॉलरमागे चार डॉलरचा फायदा होतो. हा आकडा टिपणात पहिल्या परिच्छेदात घाला.

तर क्रम. पहिले तीन महिने काहीही विकत घेऊ नका. वीज गेली तर पाण्याचे पंप किती तास चालतात, पंप थांबले तर रुग्णालयाचं काय, मोबाइल टॉवरची बॅटरी संपली तर इशारा कसा जाणार, हे त्या त्या ठिकाणच्या ऑपरेटरसोबत बसून एका मोठ्या कागदावर काढा. प्युर्टो रिकोत सप्टेंबर २०१७ च्या मारिया वादळानंतर शेवटच्या घरांत वीज यायला जवळजवळ ११ महिने लागले होते. वीज हीच पहिली कडी धरून चला. त्यानंतर नदीची मापकं आणि त्यांचे तक्ते. मग रुग्णालयांचे नळ, जनरेटर आणि पंप. मग पुलांच्या पायांची मोजणी आणि जुन्या तपासणी-फोटोंची छाननी. लायडार त्याच वर्षात बसला तर उत्तम. पुलांवर सतत नजर ठेवणारी महागडी यंत्रणा फक्त त्या एक-दोन पुलांवर लावा, जे पडले तर शहर दोन तुकड्यांत तुटेल. वर्षातून दोनदा रंगीत तालीम घ्या, त्यातली एक रात्री दोन वाजता, आणि कोणाचा फोन लागला नाही याची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त करा.

आणि या आठवड्यात एक काम करा. मोजपट्टी आणि बॅटरी घेऊन तुमच्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात उतरा. डिझेलचा पंप आणि विजेचा मुख्य बोर्ड जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते मोजा. मग बाहेर येऊन मागच्या पुराची खूण भिंतीवर कुठे आहे ती बघा. दोन्ही आकडे मला कळवा, पुढचं आपण त्यावरून बोलू.